क्रॉस बदलूनही परत येणारी थरथर: प्रोपेलर शाफ्टच्या गाडीतील व्हायब्रेशनचा माग

बोलेरो, सुमो, ईको, जुनी इनोव्हा अशा ज्या गाड्यांत इंजिन पुढे असते आणि ताकद लांब प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांकडे जाते, त्या गाड्यांत ताशी ६० ते ९० किलोमीटरच्या दरम्यान बुडाखालून थरथर येण्याची तक्रार नवी नाही. ती डोकेदुखी ठरते ती पुन्हा पुन्हा येते म्हणून. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाला त्याला कोनातही फिरू देणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, बदलला की गाडी काही दिवस बरी चालते आणि मग थरथर परत सुरू होते. त्यानंतर शाफ्टला मध्ये आधार देणारे सेंटर बेअरिंग बदलले जाते, मग चाकांचे बॅलन्सिंग होते, मग गिअरबॉक्सखालचे रबरी फाउंडेशन नवे येते. प्रत्येक वेळी काढलेला भाग खरोखरच झिजलेला असतो, त्यामुळे तो बदलणाऱ्याला दोष देता येत नाही. परंतु झिजलेला भाग हाती लागणे आणि तो का झिजला हे कळणे यांत फरक आहे, आणि व्हायब्रेशन परत येत असेल तर शोध त्या झिजण्याच्या कारणाचा घ्यावा लागतो. माझ्या मते अशा गाडीखाली पाना घेऊन जाण्याआधी अर्धा तास रस्त्यावर आणि पाच मिनिटे कागदावर घालवली, तर निम्मी शक्यता तिथेच बाद होते.

रस्त्यावरची चाचणी

चारही टायरमधील हवा आधी सारखी करून घ्यावी आणि दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून टायर गरम होऊ द्यावेत. रात्रभर किंवा आठवडाभर एका जागी उभ्या असलेल्या गाडीचे टायर खालून किंचित चपटे होतात आणि ते गोल होईपर्यंत जी थरथर येते तिचा ड्राइव्हलाइनशी, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या भागांशी, काही संबंध नसतो. त्यानंतर सपाट, गुळगुळीत आणि फारशी वर्दळ नसलेला रस्ता गाठून, शेजारी नोंद घ्यायला एक माणूस बसवून, थरथर नेमकी कोणत्या वेगाला सुरू होते, कोठे सर्वांत जास्त असते आणि पुढे वेग वाढवल्यावर ती कमी होते की वाढतच जाते, हे लिहून घ्यावे. थरथर कोठे जाणवते हेही महत्त्वाचे आहे. स्टिअरिंगला झोका येत असेल तर संशय पुढच्या चाकांवर जातो, सीट हलत असेल तर मागच्या चाकांवर, आणि पायांखालचा पत्रा बारीक गुणगुणत असेल, आतल्या आरशातले चित्र पुसट होत असेल, तर प्रोपेलर शाफ्टवर.

आता तोच त्रासदायक वेग कायम ठेवून आधी पाचव्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवावी. रस्त्याचा वेग तोच असला तरी इंजिनचे फेरे बदलतात. थरथर त्यांच्याबरोबर बदलली तर दोष इंजिन, क्लच किंवा त्यांच्या फाउंडेशनकडे आहे, आणि वेगाला चिकटून राहिली तर तो गिअरबॉक्सच्या मागे आहे. यात एक चकवा आहे. बहुतेक जुन्या पाच गिअरच्या गाड्यांत चौथा गिअर सरळ असतो, म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे फक्त चौथ्या गिअरमध्ये चाचणी घेतली तर दोघांपैकी कोण हादरते आहे हे ओळखता येत नाही. म्हणून दोन गिअरची तुलना टाळू नये.

पुढची पायरी न्यूट्रलची. त्रासदायक वेगाच्या थोडे वर जाऊन गाडी न्यूट्रल करावी आणि वेग आपोआप उतरू द्यावा. इग्निशन मात्र बंद करू नये, कारण इंजिन बंद पडले की ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग यांची मदत जाते. न्यूट्रलमध्येही थरथर तितकीच राहिली तर ती फिरणाऱ्या वस्तूच्या असमतोलाची किंवा वाकलेपणाची आहे: चाक, टायर, शाफ्ट किंवा फ्लँज (शाफ्ट जोडण्याची चकती). ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल आणि सोडल्यावर पळून जात असेल, तर शाफ्टचा कोन, फाउंडेशन, कमानीचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) यू-बोल्ट किंवा क्रॉसमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, पाहावा लागतो. याच्या उलट केवळ पाय उचलल्यावर, म्हणजे गाडी इंजिनच्या ब्रेकवर असताना घरघर आणि थरथर येत असेल, तर मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलमधील पिनियनची, म्हणजे शाफ्टकडून ताकद घेणाऱ्या छोट्या दातेरी चाकाची, बेअरिंग ढिली झाल्याचा संशय घ्यावा.

फेऱ्यांचा हिशेब

फिरणारी प्रत्येक वस्तू आपल्या फेऱ्यांच्या तालावर हादरे देते, त्यामुळे सेकंदाला किती हादरे आहेत हे कळले की वस्तू ओळखता येते. उदाहरणादाखल २१५/७५ आर १५ मापाचा टायर घेऊ. त्याचा व्यास साधारण ७०० मिलिमीटर आणि परीघ २.२ मीटर येतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे १० फेरे घेते. मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ४.१ धरले तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ४१ फेरे, म्हणजे मिनिटाला जवळपास २,५०० फेरे घेत असतो. शाफ्ट वाकला असेल किंवा त्याचे बॅलन्सिंग गेले असेल तर एका फेऱ्याला एक हादरा बसतो, म्हणजे सेकंदाला ४१. क्रॉसच्या कोनात गडबड असेल तर एका फेऱ्याला दोन हादरे बसतात, म्हणजे सेकंदाला ८२. आपल्या गाडीचा टायर आणि ॲक्सलचे गुणोत्तर घालून हाच हिशेब कोणालाही करता येतो.

हे मोजायला फोनवरचे व्हायब्रेशन ॲप चालते, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. अनेक ॲप सेकंदाला १०० नोंदी घेतात, आणि अशा ॲपला ५० च्या वरचे कंपन खरेपणाने दिसत नाही. ८२ चे कंपन ते १८ म्हणून दाखवते आणि पाहणारा चाकांच्या मागे लागतो. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये नोंदींचा दर पाहून घ्यावा आणि तो पुरेसा नसेल तर कमी वेगाला मोजावे, किंवा माइकवरून आवाजाच्या पट्ट्या दाखवणारे ॲप वापरावे. फोन हातात न धरता सीटच्या लोखंडी रुळावर किंवा जमिनीच्या पत्र्यावर घट्ट टेकवलेला असावा. ॲप नसले तरी अंदाज येतो, कारण सेकंदाला दहाचा झोका डोळ्यांना दिसतो आणि अंगाला मोजता येतो, चाळीसची थरथर नुसती झिणझिण वाटते, तर ऐंशीचे कंपन बहुधा अंगापेक्षा कानाला आधी कळते.

चाके

हिशेब दहाच्या आसपास आला तर चाकांपाशीच थांबावे. आपल्याकडे पैसे वाचवण्यासाठी पुढच्या दोनच चाकांचे बॅलन्सिंग करून घेण्याची पद्धत आहे. सीट हलत असेल तर ती इथे नडते. पुढची चाके मागे टाकून पाहिल्यावर थरथरीची जागा बदलली तर प्रश्न सुटला. टायरला फुगा आलेला असेल किंवा आतल्या तारांचा थर सुटलेला असेल तर बॅलन्सिंग मशीन शून्य दाखवूनही गाडी डुलते, तेव्हा टायर फिरवून नजरेने पाहावा. रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखल हेही एक साधे कारण आहे.

गाडीखाली

गाडीखाली शिरताना गाडी नुसत्या जॅकवर नको. घोडे (जॅक स्टँड) लावलेले हवेत, पुढच्या चाकांना ठोकळे हवेत. शाफ्ट हाताने फिरवता यावा म्हणून गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक सैल ठेवावा.

प्रथम शाफ्टच्या नळीकडे पाहावे. तिच्यावर दोन्ही टोकांजवळ बॅलन्सिंगच्या छोट्या चौकोनी पट्ट्या स्पॉट वेल्डने लावलेल्या असतात. त्यांतली एखादी निसटली असेल तर तिथे रंग उडालेला चौकोनी डाग आणि वेल्डचे ठिपके दिसतात. दगड लागून पडलेला चेपा बोटांनी चाचपला तर सापडतो. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या बुडाला गंजरोधक कोटिंग मारून घेण्याची कोकणात आणि घाटमाथ्यावर सवयच आहे, आणि फवारा मारणारा मुलगा शाफ्टही काळा करून टाकतो. तो जाड, ओघळलेला थर एका बाजूला जास्त बसला की चांगला शाफ्टही असमतोल होतो. ‘कोटिंग केल्यापासून गाडी गुणगुणते’ असे मालक सांगत असेल, तर दुसरे काही उघडण्याआधी शाफ्ट रॉकेलने पुसून स्वच्छ करावा. चिकटलेल्या डांबराचे आणि लाल मातीचेही तसेच.

त्यानंतर क्रॉस. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने फ्लँज धरून दोन्ही उलट दिशांना पिळावे, मग शाफ्ट वर-खाली उचलून पाहावा. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला जाणवेल असा प्ले नसतो. क्रॉसच्या टोकावरच्या वाटीच्या सीलजवळ गेरूसारखी लाल भुकटी दिसली तर आतले ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत, मग प्ले असो वा नसो. शाफ्ट काढल्यावर क्रॉस दोन्ही दिशांना वाकवून पाहावा. तो मधल्या एका जागी खट्कन अडकत असेल तर सुयांनी क्रॉसच्या दांड्यावर खाचा पाडल्या आहेत आणि तो टाकाऊ आहे. निपल असलेल्या क्रॉसला ग्रीस भरताना चारही वाट्यांच्या सीलमधून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारावी. तीन वाट्यांतून आले आणि चौथीतून आले नाही, तर जाईल ती चौथीच. क्रॉसमध्ये उघड प्ले असताना गाडी महामार्गावर नेऊ नये. पुढचा क्रॉस तुटून शाफ्टचे तोंड रस्त्यावर टेकले तर गाडी हातात राहत नाही.

खुणा न करता काढलेला शाफ्ट

क्लचप्लेट बदलल्यानंतर किंवा गिअरबॉक्स उतरवल्यानंतर थरथर सुरू झाली असेल, तर बाकीचे सोडून आधी शाफ्टची बसवणी पाहावी. शाफ्टचा स्लिप जॉइंट दोन भागांत सुटतो आणि तो दातांवर कोठेही बसतो. एकसंध शाफ्टच्या दोन टोकांना असलेले योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एकाच पातळीत असावे लागतात, कारण पुढचा क्रॉस कोनात फिरताना शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त करतो आणि मागचा क्रॉस तेवढाच चढ-उतार उलट करून तो मिटवतो. ३ अंशांच्या कोनाला हा चढ-उतार अवघा ०.१४ टक्के असतो, पण १० अंशांना तो दीड टक्क्यापर्यंत जातो. योक एक-दोन दात जरी पुढे-मागे झाले तरी ही मिटवामिटव अपुरी राहते, आणि ते पूर्ण ९० अंशांनी चुकले तर दोन्ही क्रॉसचे चढ-उतार एकमेकांत मिळून दुप्पट होतात.

कंपनीच्या शाफ्टवर दोन्ही भागांवर बाणाच्या खुणा असतात, पण मातीखाली त्या दिसत नाहीत. वायर ब्रशने घासून त्या शोधाव्यात आणि समोरासमोर आणाव्यात. खुणा नसतील तर शाफ्ट सपाट फरशीवर ठेवून दोन्ही योक एका रेषेत येतात का ते पाहावे. दोन तुकड्यांच्या शाफ्टला हा सरळ नियम लावू नये. काही गाड्यांत पुढचा योक मुद्दाम वेगळ्या पातळीत ठेवलेला असतो, तिथे त्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल सांगेल तेच प्रमाण मानावे. मागचा फ्लँज चार बोल्टचा असेल तर आणखी एक स्वस्त चाचणी करता येते: फ्लँजवर खूण करून शाफ्ट तिथून १८० अंश फिरवून बसवावा आणि तोच रस्ता, तोच वेग पुन्हा पाहावा. थरथर कमी झाली तर शाफ्ट आणि फ्लँज यांचे असमतोल आधी एकाच बाजूला येत होते.

कोन

क्रॉस नवा टाकूनही लवकर जातो, या तक्रारीचे मूळ माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा कोनात निघाले आहे, आणि कोन मोजणारे फार थोडे भेटतात. त्यातही मोजले जाते ते चुकीच्या जागी. दोन खांबी लिफ्टवर गाडी चढवली की मागचा ॲक्सल खाली लोंबतो आणि शाफ्टचा उतार वाढतो. त्या स्थितीतले माप रस्त्यावरच्या गाडीला लागू पडत नाही. गाडीचे वजन चाकांवर हवे, म्हणून चाके न लटकवता टेकवून ठेवणारी चार खांबी लिफ्ट, खड्डा किंवा रॅम्प वापरावा, नाहीतर घोडे ॲक्सलच्या हाउजिंगखाली लावावेत आणि पुढची बाजूही तेवढीच उचलावी.

मापे तीनच घ्यायची: गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा उतार, शाफ्टच्या नळीचा उतार आणि पिनियनच्या फ्लँजचा उतार. चुंबकाचा कोनमापक असेल तर उत्तम, नसेल तर फोनवरचे लेव्हल ॲपही चालते, मात्र फोनचे कव्हर काढावे आणि टेकवण्याची जागा घासून साफ करावी. पहिल्या दोघांतील फरक म्हणजे पुढच्या क्रॉसचा कोन, आणि शेवटच्या दोघांतील फरक म्हणजे मागच्या क्रॉसचा. सर्वसाधारण नियम असा की दोन्ही कोन ३ अंशांच्या आत असावेत आणि त्यांच्यातील फरक १ अंशापेक्षा जास्त नसावा. कोन अगदी शून्यही नको. निदान अर्धा अंश असला तरच सुया फिरत्या राहतात, नाहीतर त्या एकाच जागी टेकून खाचा पाडतात.

चिपळूण ते कराड या मार्गावर कुंभार्ली घाटातून प्रवासी नेणारी एक डिझेल गाडी याच तक्रारीने माझ्याकडे आली होती. मागचा क्रॉस वारंवार जायचा, टायर नवे होते, शाफ्ट बॅलन्सिंग करून आणलेला होता. चालकाने सहज सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटली: गाडी भरलेली असली की थरथर कमी, रिकामी परतताना जास्त. असमतोल शाफ्टला गाडीत किती माणसे आहेत याच्याशी देणेघेणे नसते. वजनाने बदलतो तो कोन. मोजल्यावर गिअरबॉक्सचा उतार ३ अंश, शाफ्टचा साडेसहा आणि पिनियनचा अवघा १ अंश निघाला, म्हणजे पुढच्या क्रॉसला साडेतीन आणि मागच्याला साडेपाच अंशांचा कोन पडत होता. मागच्या कमानीत जादा पाटा टाकून गाडी उचललेली होती, त्यामुळे शाफ्टचा उतार वाढला होता; आणि ते काम करताना कमान व ॲक्सल यांच्यामधली लोखंडी पाचर दोन्ही बाजूंना उलटी बसवली गेली होती. १ अंशाची पाचर उलटी बसली की पिनियन २ अंशांनी फिरतो, आणि नेमके तेच झाले होते. यू-बोल्ट सोडून पाचरी सुलट केल्यावर पिनियन ३ अंशांवर आला आणि दोन्ही क्रॉसचे कोन साडेतीन-साडेतीन असे जुळले. ते रिकाम्या गाडीत ३ च्या थोडे वरच राहिले, पण घाटात ओझे नेणाऱ्या माणसाला जादा पाटा काढ असे सांगण्यात अर्थ नव्हता, आणि माणसे बसली की कोन आपोआप उतरतो. त्यानंतर टाकलेला क्रॉस टिकला.

पाटे न टाकताही कोन बिघडतो. गिअरबॉक्सखालचे रबरी फाउंडेशन तेल लागून फुगले किंवा बसले की गिअरबॉक्सची शेपटी खाली येते. जॅकवर लाकडी फळी ठेवून गिअरबॉक्स हलकेच उचलून पाहिला आणि रबर धातूपासून सुटताना दिसले, तर ते बदलल्याशिवाय कोनाचे माप घेण्यात वेळ घालवू नये. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली पातळ पट्ट्या असतात. बेअरिंग बदलताना त्या खाली पडल्या आणि कोणी उचलल्या नाहीत, तर मधला कोन तेवढ्यानेही चुकतो.

वाक आणि बॅलन्सिंग

कोन आणि बसवणी बरोबर असूनही थरथर न्यूट्रलमध्ये कायम असेल, तर शाफ्टचा वाक मोजावा. डायल गेज ॲक्सल किंवा चॅसीवर घट्ट धरून नळीवर पुढे, मध्ये आणि मागे शाफ्ट हाताने फिरवत माप घ्यावे. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चिंता नाही; एक मिलिमीटरच्या पुढे शाफ्ट लेथवर आणि बॅलन्सिंग मशीनवर गेलाच पाहिजे. मागच्या टोकालाच माप जास्त येत असेल तर पिनियनचा फ्लँजही तपासावा, कारण वाकड्या फ्लँजवर सरळ शाफ्टही वाकडाच फिरतो.

जवळपास बॅलन्सिंग मशीन नसेल तर पाइपाच्या दोन होज क्लिपांनी काम भागते. मागच्या टोकाजवळ नळीवर एक क्लिप लावून तिचा स्क्रू आळीपाळीने वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे ठेवून प्रत्येक वेळी रस्त्यावर चाचणी घ्यावी. ज्या जागी थरथर सर्वांत कमी होते तिथे हलकी बाजू आहे. मग दुसरी क्लिप लावून दोन्ही स्क्रू त्या जागेपासून सारख्या अंतराने थोडे थोडे दूर सरकवत नेले की वजन बारकाईने जुळवता येते. क्लिप ब्रेक पाइप किंवा हँडब्रेकच्या केबलला घासत नाही ना, हे आधी शाफ्ट हाताने पूर्ण फिरवून पाहावे.

काही जण मागची चाके काढून, ड्रम नटांनी पक्के करून, गाडी घोड्यांवर गिअरमध्ये चालवतात. चाके नसताना थरथर गेली तर दोष चाकांचा, राहिली तर शाफ्ट किंवा ॲक्सलचा, इतका स्वच्छ निकाल दुसऱ्या कोणत्याही चाचणीत मिळत नाही. परंतु एक ड्रम अडकला तर डिफरन्शियलमुळे दुसरा दुप्पट वेगाने फिरतो, म्हणून वेग वाढवण्याआधी दोन्ही सारखे मोकळे आहेत हे पाहावे, शाफ्टच्या आजूबाजूला किंवा खाली कोणी थांबू नये, आणि या रीतीने तोच त्रासदायक वेग गाठल्यावर लगेच उतरावे.

सुटताना येणारा हादरा

गाडी जागेवरून उचलताना १० ते ३० किलोमीटरच्या आत येणारा हादरा हा वेगळा रोग आहे. क्लचवरचा पाय पूर्ण उचलेपर्यंतच तो येत असेल तर तो क्लचप्लेटचा, प्रेशर प्लेटचा किंवा इंजिनच्या फाउंडेशनचा. पाय उचलल्यावरही पुढे काही मीटर ढबढब चालू राहिली तर सेंटर बेअरिंगचे रबर फाटलेले असते, किंवा कमानीचे यू-बोल्ट ढिले होऊन पिनियन ताकदीखाली तोंड वर करतो. पट्टीने शाफ्ट वर दाबून रबर तपासावे. ते सैलसर असणे साहजिक आहे, पण फाटलेली कड स्पष्ट दिसते.

पिनियनच्या फ्लँजचे नट मात्र अंदाजाने आवळू नये. त्याच्या आत बेअरिंगचा ताण ठरवणारी चेपणारी नळी अनेक गाड्यांत असते. ऑइल सील बदलताना नट उघडून इम्पॅक्ट गनने जास्त आवळला की बेअरिंग तापते, आणि कमी आवळला की पिनियन पुढे-मागे होतो व काही महिन्यांनी तीच थरथर घरघरीसह परत येते. सील बदलण्यापूर्वी पिनियन फिरवायला लागणारा जोर टॉर्क मोजणाऱ्या पान्याने नोंदवून ठेवावा, नट व पिनियनचा दांडा यांवर खूण करावी, आणि बसवताना तोच जोर येईपर्यंतच आवळावे. शाफ्टचे फ्लँज बोल्ट आणि कमानीचे यू-बोल्ट साधारण ५०० किलोमीटरनंतर, गाडीचे वजन चाकांवर असताना, टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.